वळीव, गावची कुत्री आणि कॅमेरा : तुमचे फोटो, अनुभव इथे टाका

गुंजवणीकाठची

नमस्कार मंडळी. पाळीव कुत्र्यांचा धागा आहे, पावसाच्या फोटोंचा पण आहे, पण गावाकडची कुत्री आणि वळीव असं एकत्र कुठे दिसलं नाही म्हणून हा काढतेय. आम्ही वेल्ह्याच्या बाजूला राहतो. भाताची थोडी खाचरं, दोन म्हशी आणि दारात तीन कुत्री : काळी, मोत्या आणि काळीचं पिल्लू, जे आता चांगलं वाढलंय तरी घरात सगळे त्याला बारक्याच म्हणतात. तिन्ही गावठी. कॅमेरा सेकंडहँड घेतलाय, त्याच्यासोबत आलेली साधी १८-५५ लेन्स आणि नंतर घेतलेली एक ५० ची, बस.

एप्रिल संपत आला की आमच्याकडे रोजचं ठरलेलं. सकाळपासून उकाडा, अंगाला नुसती चिकचिक, दुपारी तीनच्या सुमाराला तोरण्याच्या मागे ढग बांधायला लागतात, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे एकावर एक चढत, आणि मग घरात एकदम पळापळ. गोवऱ्या झाका, पेंढा आत घ्या, वाळवणं उचला, म्हशी माळावर असतील तर आणा. या गडबडीत कुत्री काय करतात ते बघायला कुणाला वेळ नसतो. मी ते बघायला लागले आणि फोटोची खरी आवड मला तिथून लागली.

काळी आभाळ पुरतं भरायच्या आधीच उठते आणि गोठ्यात गव्हाणीखाली जाऊन बसते, आम्हाला वर ऊन दिसत असतं तेव्हा. मोत्याचं उलट. सासूबाई म्हशी आणायला निघाल्या की तो बरोबर निघतो, कितीही कडकडाट होऊ दे, म्हशी दावणीला लागेपर्यंत तो आत येत नाही. आणि बारक्या वारं सुटलं की उडणाऱ्या पाल्याच्या मागे खळ्यावर गोल गोल पळत असतो. तीन कुत्री, एकच वादळ, आणि प्रत्येकाचं वागणं वेगळं.

गावठी कुत्र्याचा फोटो असा कामातला असावा असं मला मनापासून वाटतं. नेटवर बघाल तर गावठी म्हणजे एकतर हाडं निघालेलं, कचऱ्यात तोंड घातलेलं कुत्रं, नाहीतर सरळ दत्तक घ्या म्हणून विनवणी. जो रात्रभर खळं राखतो, म्हशी ओळखतो, पोरांना शाळेच्या फाट्यापर्यंत सोडून परत येतो त्याचा फोटो कुठेच नाही. आणि वळवाच्या आधीचा तो पिवळट उजेड, पंधरा-वीस मिनिटंच असतो, त्यात मोत्याच्या अंगावरचा केस न् केस दिसतो.

माझा नियम एकच आहे, आधी जनावरं आणि कुत्री आत, मग कॅमेरा. घाबरून थरथरणाऱ्या कुत्र्याचा फोटो मी काढत नाही, काढलेला बघायलाही आवडत नाही. तुमच्याकडची कुत्री वादळात काय करतात ते लिहा, फोटो असतील तर टाका, आणि काळ्या कुत्रीचा फोटो नीट कसा येतो तेही कुणीतरी सांगा, काळोख्या आभाळात काळी म्हणजे नुसता काळा गोळा दिसतो.

---

ऊसपट्टा

ताई धागा एक नंबर. आम्ही जुन्नर साइडचे. आमच्याकडे कुत्र्याची गोष्ट बिबट्याशिवाय पुरी होत नाही. ऊस उंच झाला की बिबट्या मुक्कामालाच असतो, आणि त्याला सगळ्यात सोपं सावज म्हणजे दारातलं कुत्रं. वादळात लाइट जाते, सगळीकडे अंधार, पाऊस पत्र्यावर एवढा वाजतो की कुत्रं भुंकलेलं पण घरात ऐकू येत नाही. तेव्हाच जास्त भीती. म्हणून आम्ही वळवाच्या रात्री कुत्रं पडवीत नाही ठेवत, सरळ घरात. आमच्या आजोबांना ते पटायचं नाही, कुत्रं उंबऱ्याच्या आत नको असं त्यांचं, पण गावात एका मागोमाग एक कुत्री जायला लागली तसं त्यांनीच जुनं पोतं आणून आत टाकलं. मेंढपाळांची कुत्री बघा, गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, बिबट्या मानेलाच धरतो म्हणून. तो पट्टा घातलेल्या एका कुत्र्याचा फोटो माझ्याकडे आहे, मोबाईलवरचा, मेंढरं पुलाखाली थांबलेली आणि कुत्रं बाहेर पावसात उभं. टाकतो संध्याकाळी.

तुमच्याकडे पण जपा. मोत्या म्हशींच्या मागे एकटा नको जाऊ दे दिवस कलल्यावर.

---

ढगवेडी

किती सुंदर लिहिलंय. मी कोथरूडला राहते, ढगांचे फोटो काढते, त्यामुळे त्या भागावर बोलते.

काळीला आधी कसं कळतं यावर खूप लोक म्हणतात की कुत्र्याला लांबचा गडगडाट ऐकू येतो. पण गंमत अशी आहे की कुत्र्याचे कान उंच आवाजाला तेज असतात, साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं त्यांना, आपलं २०,००० ला संपतं. खालच्या खर्जात मात्र आपणच पुढे, आपल्याला २० हर्ट्झपासून ऐकू येतं आणि कुत्र्याला ६५ च्या आसपास सुरू होतं. लांबचा गडगडाट म्हणजे सगळा खर्ज. त्यामुळे माझा कल नाकाकडे आहे. मोठ्या ढगातून थंड हवा जोरात खाली येते आणि जमिनीवर आदळून चारी बाजूंना पसरते, पाऊस अजून कितीतरी किलोमीटर लांब असतो तेव्हाच तो गार वारा पुढे पोचतो, आणि येताना भिजल्या मातीचा वास घेऊन येतो. आपल्याला येणारा मृद्गंध काळीला आपल्या कितीतरी आधी येत असणार.

दुसरं, विजेचं. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा माळावर, बांधावर, झाडाखाली कुणीही नको, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. दामिनी अॅप सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे, ते आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनेच केलंय, आसपास वीज पडायची शक्यता असली की सूचना येते. म्हशी आणायला निघायच्या आधी एकदा बघायचं, एवढं सासूबाईंना सांगाच.

---

गुंजवणीकाठची

@ऊसपट्टा दादा, बिबट्या इकडे पण आहे, धरणाच्या वरच्या अंगाला दिसतो अधूनमधून. मोत्याला खिळ्यांचा पट्टा करून घ्यायचं चाललंय, तुमच्याकडे कोण बनवतं? तो पुलाखालचा फोटो नक्की टाका.

@ढगवेडी ताई, नाकाचं पटलं! कारण काळी उठायच्या आधी मान वर करून दोन-तीनदा हवा हुंगते, ते माझ्या एका फोटोत आलंय पण मी त्याचा अर्थ लावला नव्हता. दामिनी सासूबाईंच्या फोनवर टाकून दिलंय आजच, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हे मोत्याच्या आधी सांगतं का नंतर.

---

दवाखाना_चालू

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करतो, पुरंदर-भोर भागात फिरलोय बरीच वर्षं. फोटोतलं मला काही कळत नाही पण चार गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वादळात कुत्रं साखळीने झाडाला किंवा लोखंडी खांबाला बांधून ठेवू नका. घाबरलेलं कुत्रं साखळीला हिसके देऊन गळा आवळून घेतं हे एक, आणि झाडावर वीज पडली तर खालचं जनावर वाचत नाही हे दुसरं. चार पायांच्या जनावराला विजेचा धोका आपल्यापेक्षा जास्त, कारण वीज जमिनीतून पसरते तेव्हा पुढचे पाय आणि मागचे पाय यांच्यात अंतर असतं आणि करंट त्या अंतरातून छातीवाटे जातो. एका झाडाखाली उभी असलेली आख्खी मेंढरं त्यामुळेच जातात. गाय-म्हैस, शेळी-मेंढी गेली तर पंचनामा होऊन मदत मिळते, कुत्रं त्या यादीत नाही, म्हणून त्याची काळजी कुणी करत नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला ते फार लागतं.

भ्यायलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर ते अजून भित्रं होतं असं लोक सांगतात, त्यात तथ्य नाही. जवळ घ्या, अंगावर हात ठेवा, शांत बोला. जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, धाप लागणं, कान मागे पाडणं, ही भीतीची लक्षणं, झोप किंवा भूक समजू नका. फारच त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी देतात, घरातली माणसाची गोळी अंदाजाने द्यायची नाही, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन तर अजिबात नाही.

आणि पहिल्या पावसानंतर गोचीड. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बघत जा. कुत्रं मलूल झालं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी गडद लाल यायला लागली, नाकातून रक्त आलं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना, गोचीड तापात दोन दिवस थांबलं की हातचं जातं. म्हशीला मारायचं गोचिडाचं औषध उरलंय म्हणून कुत्र्याला चोपडू नका, रॉकेल तर नकोच. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला आणि मग दर वर्षी. पावसात साठलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, तो कुत्र्यालाही आणि भाताच्या चिखलात अनवाणी उभं राहणाऱ्या माणसालाही, त्याची लस कुत्र्यांच्या एकत्रित लसीत येते, मागून घ्या.

---

ऊसपट्टा

सर हे प्रिंट काढून ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावतो, चालेल ना?

---

दवाखाना_चालू

लावा की. खाली जवळच्या दवाखान्याची वेळ लिहा फक्त.

---

खंडाळकर_लेन्स

काळ्या कुत्रीच्या प्रश्नाला उत्तर देतो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. फ्रेमभर काळं कुत्रं असेल तर त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून उजेड वाढवतो, कुत्रं राखाडी होतं आणि मागचं आभाळ पांढरं फक्क. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे एक करायचं. उलट फ्रेमभर आभाळ असेल आणि त्यात काळी छोटीशी असेल तर मीटर आभाळाकडे बघतं आणि काळीचा गोळा होतो, तुमचं तेच होतंय. तेव्हा स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्यावरचा उजेड मोजणारं) तिच्या तोंडावर घ्या किंवा अधिककडे जा, आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा म्हणजे आभाळ नंतर खाली आणता येतं.

पण सेटिंगपेक्षा जागा महत्त्वाची. तिला पडवीत उंबऱ्याजवळ बसू दे, तोंड बाहेर उजेडाकडे. तुम्ही बाजूला खाली बसा, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीला. बाहेरच्या ढगाळ उजेडाने केसांना कडा येतात आणि डोळ्यात चमक येते, ती चमक आली की काळ्या कुत्र्याचा फोटो जमला. तुमची ५० ची लेन्स याला छान, एफ २.८ च्या आसपास, फोकस जवळच्या डोळ्यावर. बारक्या पळतोय त्याला शटर एक हजारांश सेकंद तरी हवं. आणि पावसाच्या रेघा दिसायला पाहिजेत तर उलट हळू, सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाच्या आसपास, मागे गडद काहीतरी ठेवून, गोठ्याचं दार किंवा झाडी.

विजेचा फोटो रात्री, घरातून, खिडकीतून, आतला दिवा बंद करून. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८, मॅन्युअल फोकस लांबवर, शटर दहा ते वीस सेकंद उघडं, आणि एकामागून एक फोटो घेत राहायचे. गच्चीवर, टेकडीवर ट्रायपॉड घेऊन उभं राहायचं नाही, कुठल्याच फोटोसाठी नाही.

---

एसबी_रोड_रायडर

मस्त धागा. आम्ही दोघं-तिघं मित्र ड्रोन घेऊन येऊ का पुढच्या वळवाला? वरून खाचरं, ढग आणि खाली कुत्री पळताना असा व्हिडिओ भारी येईल.

---

गुंजवणीकाठची

@एसबी_रोड_रायडर दादा, घरी चहाला केव्हाही या, पण वादळाच्या वेळी ड्रोन नको. एक तर वाऱ्यात ते टिकणार नाही, आणि दुसरं म्हणजे त्या आवाजाने म्हशी बिथरतात आणि मोत्या त्याच्या मागे उघड्यावर धावत सुटेल, नेमका वीज चमकायच्या वेळेला. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी या, तेव्हा खाचरांत पाणी असतं, तोरण्यावर ढग बसलेले असतात, आणि कुत्री अंग वाळवत बांधावर पडलेली असतात. त्याचे पायी फिरून फोटो काढा, मी दाखवते सगळं.

---

एसबी_रोड_रायडर

ओके ताई, कळलं. ड्रोन घरी. सकाळी येतो, रेनकोट आणि बिस्किटं घेऊन.

---

दवाखाना_चालू

बिस्किटं माणसांना. कुत्र्यांना भाकरी-दूध किंवा उकडलेलं अंडं आणा, क्रीमची चॉकलेटची बिस्किटं नकोत, चॉकलेट कुत्र्याला विषारी असतं.

---

मास्तर_निवृत्त

धागा पहिल्यापासून वाचला. मी सासवडजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. माझ्याकडे तेव्हा अॅग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, १२० च्या रोलवर बाराच फोटो, त्यामुळे एक एक फोटो विचार करून. शाळेसमोर एक तांबडं कुत्रं असायचं, पोरं त्याला वाघ्या म्हणायची, आमच्या भागात जेजुरी जवळ म्हणून दर दोन घरांआड एक वाघ्या. खंडोबाच्या तसबिरीत घोड्याशेजारी कुत्रा असतोच, त्यामुळे आमच्याकडे कुत्र्याला हाकलायची पद्धत कमी, निदान जुन्या घरांत तरी.

एका वळवात शाळेच्या व्हरांड्यात सगळी पोरं अडकली, गारा पडत होत्या, आणि वाघ्या पोरांच्या पायांत येऊन बसला. मी रोलमधला शेवटचा फोटो काढला. फोटो थोडा हललेला आहे. पण त्यातली पोरं आज चाळिशीच्या पुढं गेली, कुणी दुबईत, कुणी चाकणला कंपनीत, आणि भेटली की आधी त्या फोटोचं विचारतात, त्यात कोण कुठे उभं आहे ते नंतर, आधी वाघ्या. ताई, तुम्ही काढताय ते फोटो नुसते फोनमध्ये ठेवू नका. छापून त्या त्या घरात द्या. गावात माणसांच्या लग्नाचे अल्बम असतात, कुत्र्याचा फोटो कुणाकडे नसतो, आणि कुत्रं दहा-बारा वर्षांत जातं.

---

पाऊसपाणी_मुळशी

आमच्याकडे ३ जून २०२० चं निसर्ग वादळ कुणी विसरणार नाही. श्रीवर्धनकडून आत आलं आणि घाट चढून मुळशी-मावळ-वेल्हे सगळं झोडपून गेलं. आमच्या गोठ्याचे पत्रे उडून शेजारच्या शेतात. गोठ्यात रोज झोपणारी आमची कुत्री त्या दिवशी सकाळपासूनच जुन्या दगडी घराच्या माजघरात जाऊन बसलेली, बाहेर काढली तरी परत आत. लोक म्हणतात तिला कळलं. सकाळपासूनच वारं आणि पाऊस होता, त्यामुळे कळलं म्हणा किंवा तिला पत्र्याचा आवाज नको होता म्हणा, पण तेव्हापासून एप्रिलमध्ये पत्र्यांचे हूक आवळायचे, वर वाळूची पोती ठेवायची, आणि कुत्रीची जागा दगडी भिंतीच्या आड करायची हे ठरून गेलंय.

आणि आता वळीव कधी संपला, मोसमी कधी सुरू झाला हेही कळेनासं झालंय. २०२५ ला मान्सून २६ मे लाच पुण्यात. रोहिणीतच चिखल, भाताचे तरवे टाकायची घाई, राब भाजायचे राहून गेलेले. त्या चिखलात कुत्र्यांचे पंजे भिजून बोटांत जखमा झाल्या होत्या, रोज संध्याकाळी पाय पुसून कोरडे करत बसायचो. याचे फोटो काढायचं सुचलं नाही कधी. या वर्षी काढतो.

---

गुंजवणीकाठची

मास्तर, तुमची पोस्ट घरात मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण थोड्या वेळाने म्हणाल्या, मोत्याचा माझ्याबरोबरचा एक काढ, माळावरनं येतानाचा. आजवर त्या कॅमेऱ्यासमोर कधी उभ्या राहिल्या नाहीत.

ठरवलंय, मृगाच्या आत वाडीतल्या प्रत्येक घरच्या कुत्र्याचा एक फोटो काढायचा, त्याच्या नेहमीच्या जागेवर आणि त्याच्या माणसासोबत. धनगरवाड्यावरची दोन कुत्री पण. छापून द्यायचे. मागे त्याचं नाव, कुणाकडचा, कधीचा, सगळं लिहून. दवाखाना सर, त्याच फेरीत लस झाली का हेही विचारत जाते आणि यादी करते, म्हणजे तुमच्यासारख्या कुणाला बोलवून एकाच दिवशी सगळ्यांची लस उरकता येईल.

आता दोन अडचणी. माझ्या १८-५५ लेन्समध्ये उजेडाकडे धरलं की कोपऱ्यात जाळीसारखं काहीतरी दिसतंय. आणि छापलेले फोटो आमच्याकडच्या भिंतींवर पावसाळा काढतील का? जूनपासून ओल असते, चुलीचा धूर असतो.

---

दवाखाना_चालू

यादी करा, नक्की करा. कुत्र्यांची संख्या, पिल्लं वेगळी लिहा. लसीचं आधी तालुक्याच्या दवाखान्यात बोलून ठेवावं लागतं म्हणजे साठा मिळतो. जमलं तर मी स्वतः येतो रविवारी.

---

खंडाळकर_लेन्स

ती जाळी म्हणजे बुरशी. कोपऱ्यात आहे तोवर फोटोत फरक पडणार नाही, पण लवकर उघडून साफ करून घ्या, काचेचं कोटिंग खाल्लं की मग उपाय नाही. त्या लेन्सला ५० च्या शेजारी ठेवू नका. हवेतली आर्द्रता साठच्या वर राहिली की बुरशी धरतेच, घाटात पावसाळाभर नव्वद. मोठा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहू दे. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको, त्याला वेगळा जुना पत्रा ठेवा. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पीठ आत जातं. चामड्याच्या केसमध्ये तर अजिबात नाही. पावसात काढताना साधी दुधाची मोठी पिशवी कापून रबर लावला तरी चालतं, हूड मात्र लावा.

प्रिंट मॅट पेपरवर घ्या, चकचकीत पेपर ओलीत काचेला चिकटतो. फ्रेममध्ये काच आणि फोटो यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट घालून घ्या. भिंतीला मागून बाटलीची दोन बुचं चिकटवा म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागून हवा खेळते. पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, तुमच्याकडे पाऊस तिकडूनच मारतो. चुलीच्या खोलीत तर नकोच. मागचं नाव पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई पुढे उमटते. आणि सगळ्या फायली एका पेनड्राइव्हवर मास्तरांकडे पण ठेवा.

---

मास्तर_निवृत्त

ठेवतो. पाठवा.